वसईची वाडी आणि संयुक्त शेती

सहकारी शेती म्हटली कीं आमच्या वाडीवाल्यांच्या कपाळास आठी पडते. “जमीन माझी, आणि धनी सोसायटी?” हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचाच खुलासा प्रथम करतों.

1946 सालीं सहकारी नियोजन समितीनें या शेतीचे चार प्रकार सांगितले. सुधारित शेतींत ज्याची त्याची वहिवाट कायम राहते. बियाणें, खत, विक्री एवढेंच एकत्र. संयुक्त शेतींत मालकी सभासदाची, परंतु नांगर एक व हिशेब एक. कामाची मजुरी निराळी आणि जमिनीबद्दलचा मोबदला निराळा. कूळशेती व सामुदायिक शेती या दोहोंत मात्र जमीन संस्थेच्या ताब्यांत असते. म्हणजे सातबाऱ्यावरील नांव पुसलेंच पाहिजे असें नाहीं.

संयुक्त शेतीचें ठळक उदाहरण मिरज तालुक्यांतील म्हैसाळचें. 1969 सालीं मधुकरराव देवल यांच्या पुढाकारानें तेथील दलित कुटुंबांनीं श्रीविठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था उभारली. गांव कृष्णाकांठचें, पण नदी जवळ असली म्हणून पाणी शेतांत येत नाहीं. उपशाचें यंत्र, नळ, पाट आणि त्यांसाठीं लागणारी पत हीं दोन-अडीच एकरांच्या धन्यास एकट्यानें पेलत नाहींत. तुकडे जोडले म्हणजे कर्जास तारण होतें, आणि पाटाच्या वाटेंत परका बांध आडवा येत नाहीं.

सर्वत्र असें झालें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. कित्येक ठिकाणीं सासरा, जांवई व चुलते यांचींच नांवें यादींत घालून कूळकायदा आणि कमाल मर्यादा चुकविण्यापुरत्या संस्था कागदोपत्रीं नांदल्या.

आमच्याकडे सहकार परका नव्हे. बॅसीन कॅथोलिक सहकारी बँकेचा आरंभ 1918 सालचा, मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या हातचा. पत एकत्र झाली. माती झाली नाहीं. केळीला व पानवेलीला धन्याची रोजची नजर लागते, तेथें मजुरीचा हात उपयोगी नाहीं, असें जुनीं माणसें म्हणतात. आम्हांसही तें पटतें. भाताच्या खाचरांची गोष्ट निराळी.

परंतु पाणी? समुद्राजवळ गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. रहाटाच्या बैलास दम लागे, तोंवरच उपसा होई. विजेच्या पंपास दम लागत नाहीं. एकानें अति उपसलें कीं खारें पाणी वर चढतें आणि शेजाऱ्याची विहीरही मचूळ होते. त्याला बांध आडवा येत नाहीं. महसुली कारकुनी करतांना आम्हीं दहा गुंठ्यांवर अकरा वारसांचीं नांवें चढविलीं आहेत. आमच्याच वाडीच्या उताऱ्यावर आज सात आहेत, आणि सातांची विहीर एक.

तेव्हां जमीन राहूं द्या. उपशाचे तास तरी एकत्र बसून ठरवूं, असा विचार आम्ही आमच्या आळींत मांडला. चौघे तयार झाले. पांचव्याची विहीर सर्वांत खोल आहे, आणि तो अद्याप बोलावयास आलेला नाहीं.