मांजर नेमकं कुणावर चिडतं?

आता असं बघा. खिडकीत बसलेली मनी बाहेरच्या बोक्याकडे बघून गुरगुरतेय. तुम्ही मायेनं पाठीवर हात ठेवलात आणि तिनं कडकडून चावा घेतला. आपण लगेच म्हणतो, ‘कृतघ्न जात!’ देकार्तनं प्राण्यांना यंत्र ठरवलं, ते एक टोक. आणि मांजराच्या मनात सूड कल्पायचा, हे आपलं दुसरं. राग बोक्यावरचाच होता हो! पण तो काचेपलीकडे, आणि हाताशी तुम्ही. वर्तनशास्त्रात याला वळवलेली आक्रमकता म्हणतात. ती उतरायला कधी कधी काही तास लागतात. तोवर उचलू नका, समजूत घालू नका. मारणं तर नाहीच, त्यानं भीती वाढते. दिवा मालवा, दार ओढून घ्या, एकटं राहू द्या. मग त्या काचेला कागद चिकटवा.

बाहेर बोका नसताना शांत मांजर अचानक चावायला लागलं, तर मात्र दात किंवा सांधे दुखत असतील. पशुवैद्याला दाखवा.

आणि चावलं असेल तर हळद भरत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो.