जुन्या मोटारीची ब्रेक डिस्क घरी बदलताना

धावती मोटार थांबवणे म्हणजे तिच्यातील गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलून हवेत सोडून देणे. माणसे आणि सामान धरून १,००० किलो वजनाची लहान मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १ लाख ३९ हजार जूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत नळाचे चारशे मिलिलिटर पाणी उकळीला येते, आणि वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो. या उष्णतेचा पहिला भार पडतो तो चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या चकतीवर, जिला गॅरेजमध्ये डिस्क किंवा डिस्क प्लेट म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या पट्ट्या म्हणजे ब्रेक पॅड, आणि ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकवून हे पॅड डिस्कवर आवळणारा भाग म्हणजे कॅलिपर.

ही रचना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते, पण तांब्याच्या पट्ट्या धातूवर घासल्या जाताना होणारा कर्कश आवाज आणि त्यांची झीज यांमुळे ती मागे पडली. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, १९५५ मध्ये सिट्रोएनने आपल्या डीएस मोटारीत पुढच्या चाकांना हे ब्रेक दिले, आणि मग ते सर्वसामान्य वाहनांत रुळले. भारतातील बहुतेक लहान मोटारींत आजही पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच मांडणी असते, कारण ब्रेक दाबताच वाहनाचा भार पुढच्या चाकांवर झुकतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम तीच चाके करतात.

डिस्कचे लोखंड ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांनी भरलेले असते, त्यामुळे ते उष्णता चांगली वाहून नेते आणि कंपने शोषून घेते. मात्र ते गंजतेही लवकर. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर निरुपद्रवी असतो, तो पहिल्या काही ब्रेकांतच पुसला जातो. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे खारट हवेने लोखंड खोलवर खाल्ले जाते, पृष्ठभागावर खड्डे पडतात, आणि अशी डिस्क बदलण्यावाचून गत्यंतर नसते. एरवी निर्णय जाडीवर घ्यावा. प्रत्येक डिस्कची किमान जाडी ठरलेली असते, बहुधा तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर ती कोरलेलीही असते. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजल्यावर एखादी जागा जरी तिच्याखाली गेलेली आढळली, तरी डिस्क निकामी समजावी. बाहेरच्या कडेला उरलेली उंच कड बोटाला लागते, पण साध्या व्हर्नियरचे जबडे याच कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. लेथवर डिस्क साफ करून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तीत आधीच पातळ झालेले लोखंड आणखी पातळ होते आणि डिस्कची उष्णता सामावण्याची क्षमता घटते, म्हणून किमान जाडीच्या जवळ आलेल्या डिस्कला लेथ मारणे ही खोटी बचत आहे.

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते, तेव्हा ‘डिस्क वाकडी झाली’ असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात डिस्क उष्णतेने वाकल्याची उदाहरणे थोडी असतात; बहुतेक वेळा तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढा फरकही पायाला जाणवण्यास पुरेसा असतो. हा फरक कसा निर्माण होतो, ते समजून घेण्यासारखे आहे. डिस्क ज्या हबवर बसते, त्या हबच्या तोंडावर गंजाचा एखादा कण राहून गेला, तर डिस्क किंचित तिरकी बसते, आणि मध्याशी असलेला हा तिरकेपणा कडेपर्यंत जाताना वाढत जातो. मग ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात डिस्कची तीच जागा पॅडला हलकेच घासत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर तेवढीच जागा पातळ होते. म्हणूनच नव्या डिस्क पहिले काही महिने निर्दोष चालतात आणि नंतर थरथरू लागतात, व दोष मात्र डिस्कच्या माथी मारला जातो. हब घासून स्वच्छ करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. गॅरेजच्या घाईत नेमके हेच काम राहून जाते, आणि घरी काम करणाऱ्याला हाताशी असलेल्या वेळेचा खरा उपयोग इथेच होतो.

कामाची तयारी कठीण व सपाट जमिनीवर करावी. बहुतेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, तरी त्या चाकांना लाकडी ओट लावावेतच. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, आणि जॅकने उचललेली गाडी लोखंडी घोडीवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली हातही घालू नये, कारण डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. कॅलिपर सोडवल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती ओल्या फडक्यानेच टिपावी.

जुन्या गाडीची डिस्क सहसा सहज निघत नाही. ती हबला धरून ठेवणारा लहान स्क्रू गंजलेला असतो. त्यावर गंज सैल करणारे तेल टाकून तासभर थांबावे आणि मग ठोक्यासरशी फिरणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने तो काढावा. अनेक डिस्कना दोन आटे पाडलेली छिद्रे असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेले की डिस्क हबपासून आपोआप सुटते. काही जुन्या मोटारींत मात्र डिस्क हबच्या मागे बसवलेली असते, आणि ती काढण्यासाठी हब व बेअरिंग प्रेसने वेगळे करावे लागते. असे काम घरी करू नये.

हबचे तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातूची चमक येईपर्यंत साफ केल्यावर नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे, आणि डिस्क नेहमी एकाच आसाच्या दोन्ही चाकांना, नव्या पॅडसह बदलाव्यात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकलेल्या असतील, तर एक पॅड झिजून संपतो आणि दुसरा जाडच राहतो. त्या स्वच्छ करून उष्णता सोसणारे, रबराला न खाणारे ग्रीस लावावे. पिस्टन मागे ढकलताना टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते आणि सांडले तर रंग खाते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते: डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरल्यावर मात्र ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते, आणि घाट उतरताना त्यात वाफ झाली तर पेडल पोकळ होते. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल याच वेळी बदलणे शहाणपणाचे. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच टॉर्क पान्याने आवळावेत; असमान आवळलेले नटही डिस्कला पीळ देतात.

मागे ढकललेला पिस्टन अजून पॅडपासून दूर असल्यामुळे या कामानंतर पेडल पहिल्यांदा तळापर्यंत जाते, तेव्हा गाडी जागची हलवण्यापूर्वी ते कठीण लागेपर्यंत पुन्हापुन्हा दाबावे आणि टाकीतील ऑइलची पातळी पाहावी. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरवरून पंधरा-वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावून गाडी तशीच चालवत थंड होऊ द्यावी, म्हणजे पॅडचा सारखा थर डिस्कवर बसतो. एवढे करूनही पेडल मऊ लागत असेल, कुठे ऑइल झिरपताना दिसत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती रस्त्यावर न काढता जाणत्या मेकॅनिकला घरीच बोलवावे.