मज्जातंतूंची वेदना : औषध नेमके पोहोचवण्याचा प्रश्न

आमच्या वेदना-निवारण विभागात रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : “हळद, मिरची, मिरी यांत एवढे गुण आहेत, तर मग या गोळ्या कशाला?” प्रश्न रास्त आहे. आमच्या देणगीदारांच्या व विश्वस्तांच्या मनातही तो येत असेल. म्हणून यंदाच्या अहवालात त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

कापल्या-भाजल्याची वेदना जखम भरली की शमते. मज्जातंतूंच्या वेदनेत मात्र इजा झालेली असते ती संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंनाच. मधुमेहातील तळपायांची आग आणि नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने टिकणारा दाह ही तिची परिचित रूपे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधे द्यावी लागतात. त्यांनीही सर्वांना पुरेसा आराम पडत नाही आणि काहींना गुंगी येते. त्यामुळेच संशोधकांचे लक्ष वनस्पतिजन्य द्रव्यांकडे वळले.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यात असतो. मज्जातंतूंच्या टोकांवरील ज्या द्वारावर ते काम करते, त्याचा शोध डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली लावला. या क्षेत्रातील कार्यासाठी ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हेच द्वार उष्णतेनेही उघडते. म्हणून तिखट लागले की भाजल्यासारखे वाटते. मात्र कॅप्सेसिनचा मारा पुरेसा झाला, तर तंतूंची ती टोके निष्क्रिय होऊन आक्रसतात आणि काही काळ वेदनेचा संदेश पाठवत नाहीत. पुढे ती पुन्हा वाढतात.

आता प्रश्न उरतो तो पोहोचवण्याचा. ०.०२५ किंवा ०.०७५ टक्के कॅप्सेसिनचे मलम दिवसातून तीन-चार वेळा, आठवडेच्या आठवडे लावावे लागते. प्रत्येक वेळी आग होते, हात चुकून डोळ्याला लागतो आणि अनेक रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतात. यावर उपाय म्हणून ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी तयार झाली. अमेरिकेत तिला २००९ साली नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आणि २०२० साली मधुमेहींच्या पावलांतील वेदनेसाठी मान्यता मिळाली. नागिणीनंतरच्या वेदनेत ती एक तास, तर पावलांवर अर्धा तास ठेवतात. ज्यांना गुण येतो, त्यांना सुमारे तीन महिने आराम मिळू शकतो. परंतु ती प्रशिक्षित व्यक्तीनेच नायट्राइलचे हातमोजे घालून, अखंड त्वचेवर, रक्तदाबावर लक्ष ठेवून लावायची असते. द्रव्य तेच, बदलली ती मात्रा, जागा आणि पद्धत.

हळदीची अडचण वेगळी आहे. तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडे शोषले जाते, त्याचे आतडे व यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवले, की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यास रक्तात पोहोचणारा अंश सुमारे वीसपट होतो. आता स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांत कर्क्युमिन बंदिस्त करण्याचे प्रयोग सुरू आहेत. उंदरांमधील निष्कर्ष आशादायक आहेत; माणसांच्या मज्जातंतू-वेदनेवर मात्र निर्णायक म्हणावा असा पुरावा अद्याप नाही.

शिवाय दार उघडले की त्यातून केवळ हवा तोच पाहुणा आत येत नाही. पायपेरिनमुळे फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढते, आणि कार्बामाझेपिन तर चेहऱ्याच्या मज्जातंतू-वेदनेवर नेहमी दिले जाते. हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२२ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक दगावला. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीबद्दल आम्ही हे म्हणत नाही. आमचा रोख अधिक शोषणासाठी बनवलेल्या, मोठ्या मात्रेच्या गोळ्यांकडे आहे.

अहवाल वर्षात एका मधुमेही आजोबांना घरच्यांनी मोठ्या मायेने तळपायांना मिरचीचा लेप लावला. पाय बधिर असल्याने भाजल्याचे त्यांना कळलेच नाही. फोड फुटून झालेली जखम भरून येण्यास कित्येक आठवडे लागले. पाय वाचला, याचे आम्हांला समाधान आहे.

म्हणून नातेवाइकांना आमची नम्र विनंती : घरगुती लेप, चूर्ण वा गोळी सुरू असल्यास ती लपवू नका, कोणी रागावणार नाही. मधुमेही माणसाचे तळपाय रोज पाहा. आणि आमच्या हितचिंतकांना एवढेच सांगावेसे वाटते, की औषध नेमके पोहोचवण्यात रुग्णाजवळ तासभर बसणाऱ्या परिचारिकेचाही वाटा असतो. तो तास आपल्या देणगीतूनच उभा राहतो.