घरातील पहिला पदवीधर : शिष्यवृत्ती शोधायची कोठे?

ज्या घरातून आजवर कोणीही महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घरातील विद्यार्थ्यापुढे बारावीच्या निकालानंतर पैशाइतकीच मोठी अडचण माहितीची असते. अर्ज कधी करायचा, दाखले कोणते लागतील, हे सांगणारे माणूस घरात नसते. शिष्यवृत्ती योजना देशात कमी नाहीत. मात्र त्यांपैकी बहुतेकांच्या निकषांत ‘पहिल्या पिढीतील विद्यार्थी’ असा प्रवर्गच नाही. त्यामुळे अशा विद्यार्थ्याला आपला हक्क जात प्रवर्ग, उत्पन्न, गुण, दिव्यांगत्व किंवा पालकांचा व्यवसाय अशा अन्य नावांखाली शोधावा लागतो. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची स्वतंत्र मदत आहे, हे सोलापूरच्या अनेक घरांत ठाऊक असते. इतरत्र ते ठाऊक असेलच असे नाही.

या बाबतीत तमिळनाडू हे राज्य वेगळे ठरते. तेथे २०१० मध्ये ‘प्रथम पदवीधर’ ही संकल्पना शासकीय योजनेत आणण्यात आली. कुटुंबात यापूर्वी कोणी पदवीधर नसल्याचे प्रमाणपत्र महसूल विभाग देतो आणि शासकीय समुपदेशन प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या अशा विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात सवलत मिळते. त्यासाठी जात वा उत्पन्न विचारात घेतले जात नाही. थोरले भावंड पदवीधर झाले की धाकट्याचा हक्क मात्र संपतो.

देशभरातील विद्यार्थ्यांसाठी शोधाची सुरुवात राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून करणे सोयीचे ठरते. अनेक केंद्रीय योजना तेथे एकत्र पाहता येतात आणि अर्जासाठी कोणतेही शुल्क नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही यांतील सर्वांत जुन्या योजनांपैकी एक असून ती १९४४ पासून चालू आहे. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठरविण्यात आली. खर्चाचा ६० टक्के भार केंद्राने व ४० टक्के राज्याने उचलण्याचे ठरले आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली. ही रक्कम खात्यात दिसली म्हणजे ती सर्वच घरखर्चाला मोकळी झाली असे नव्हे. त्यातील शुल्काचा भाग महाविद्यालयाला भरायचा असतो, ही बाब घरच्यांनाही आधीच समजावून सांगितलेली बरी.

महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय योजनेत दरवर्षी कमाल ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या देण्याची तरतूद आहे. २०२५ पर्यंतच्या निकषांनुसार कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वार्षिक १२ हजार रुपये मिळतात. बारावीत ८० पर्सेंटाइलच्या वर असण्याची अट वाचून अनेक जण माघार घेतात. परंतु ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत! आपल्या मंडळाच्या परीक्षेत त्या शाखेतील वरच्या एकपंचमांश विद्यार्थ्यांत स्थान असणे, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या मंडळात ७० टक्क्यांनाही ते स्थान मिळू शकते. दूरशिक्षण व पदविका अभ्यासक्रमांना मात्र ही योजना लागू नाही. तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ योजना आहे. त्यात वर्षाला ५० हजार रुपये मिळतात, उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये असून एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत लाभ घेता येतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी अधिवासाचा प्रश्न आधी तपासावा. राज्यामार्फत दिली जाणारी शिष्यवृत्ती सर्वसाधारणपणे विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे ते राज्य देते, तो शिकतो ते राज्य नव्हे. नागपूरचा विद्यार्थी भोपाळला शिकत असेल, तर त्याने महाराष्ट्राच्या महाडीबीटी प्रणालीकडे पाहावे. सुरत किंवा इंदूर येथे स्थायिक झालेल्या कुटुंबाची जात तेथील राज्याच्या यादीत असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अर्ज अडकतात ते बहुधा लहान गोष्टींवर. महाराष्ट्राच्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, तर आधार कार्डावर पुष्कळदा स्वतःचे नाव आधी असते. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी पडताळणीत तो आडवा येऊ शकतो. बँक खात्याचेही तसेच. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधार क्रमांकाशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. घरच्यांनी मध्यंतरी दुसऱ्या कामासाठी नवे खाते उघडून आधार जोडले असेल, तर पैसे त्या खात्यात जमा होतात आणि विद्यार्थी महिनोन्‌महिने जुने पासबुक तपासत राहतो.

ऑनलाइन अर्ज सादर केला की काम संपले, हा समजही महागात पडतो. अर्जाची प्रथम छाननी महाविद्यालयातील नोडल अधिकारी करतो आणि त्रुटी असल्यास अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठविला जातो. मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर ते वर्ष हातचे जाते.

येथे एका जुन्या प्रसंगाचे स्मरण होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तरुण भीमराव आंबेडकरांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु या होतकरू विद्यार्थ्याची महाराजांशी गाठ घालून दिली ती कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने. पुढे १९१३ मध्ये आंबेडकर बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले.

आजच्या महाविद्यालयांत हे काम शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाकडे आणि नोडल अधिकाऱ्याकडे येते. प्रवेश घेतानाच त्यांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात : या महाविद्यालयाची नोंदणी कोणत्या योजनांसाठी आहे, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा चालेल आणि शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत शुल्क हप्त्यांनी भरता येईल का. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा स्वतःच करावा लागतो आणि त्यासाठी उत्तीर्ण होण्याबरोबर हजेरीही पाहिली जाते.