देशोदेशींची बिअर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आजचा विषय जाहीर केला, तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "काय हो, वसंत ऋतूत आता हेही ऐकायचे का?" त्यांची शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, मी येथे मद्याची तरफदारी करण्यास उभा राहिलेलो नाही. मद्यार्क हा कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ मध्येच दिला आहे. आणि दारूने उजाडलेले घर पाहण्यासाठी आपल्यापैकी कोणालाही फार लांब जावे लागत नाही. पण एखादी वस्तू प्यावी की न प्यावी हा एक प्रश्न आहे, आणि ती वस्तू काय आहे, ती देशोदेशी निरनिराळी का झाली, हा दुसरा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करताना शेती, रसायन, जीवशास्त्र आणि राज्यकारभार या चारही विषयांची ओळख होते. तेवढ्यापुरतेच आजचे बोलणे.

प्रथम ही वस्तू होते कशी ते पाहू. द्राक्षाच्या रसात साखर तयारच असते. तो ठेवला की आंबतो आणि त्याची वाइन होते. धान्याचे तसे नाही. धान्यात असते पिष्ट, आणि किण्वाला, म्हणजे ज्याला इंग्रजीत यीस्ट म्हणतात त्या सूक्ष्म जीवाला, पिष्ट खाता येत नाही. तेव्हा आधी पिष्टाची साखर करावी लागते. ही युक्ती माणसाला धान्यानेच शिकविली. दाणा भिजवून त्याला मोड आणले की दाण्यातच असे विकर उत्पन्न होतात, की ते पिष्ट फोडून साखर करतात. आपल्या घरोघरी लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करतात, तेव्हा नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात. ते सत्त्व गोडसर लागते आणि पचायला हलके होते, याचे कारण हेच. जवाला असेच मोड आणून भट्टीवर वाळविले की त्याला माल्ट म्हणतात. १८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी माल्टमधून हे साखर करणारे द्रव्य वेगळे काढले व त्याला डायास्टेस हे नाव दिले. विकर म्हणून वेगळा काढलेला हा पहिलाच पदार्थ होय.

माल्ट भरडून कढत पाण्यात मुरवायचा, गोड पाणी गाळून घ्यायचे, ते हॉप नावाच्या वेलीच्या मादीफुलांबरोबर उकळायचे, निववायचे आणि त्यात किण्व सोडायचे. किण्व साखर खाते. मद्यार्क आणि कर्बवायू मागे उरतात. हॉपमुळे कडवटपणा येतो आणि पेय लवकर नासत नाही. सर्व जगातील बिअरची कृती थोडक्यात एवढीच. मग म्यूनिकची बिअर, पिल्सेनची बिअर, डब्लिनची बिअर आणि ब्रुसेल्सजवळची बिअर यांत जमीनअस्मानाचा फरक का पडावा?

पहिले कारण पाणी. येथे बसलेल्या भगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते आणि दुसऱ्या विहिरीच्या पाण्यात ती तासभर कढवली तरी दडदडीत राहते, हा अनुभव सर्वांचा आहे. बिअरचेही तसेच. इंग्लंडात बर्टन म्हणून ट्रेंट नदीकाठी एक गाव आहे. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे चुन्याचे सल्फेट, पुष्कळ असते. त्या पाण्यात हॉपचा कडवटपणा स्वच्छ उतरतो आणि फिकट रंगाची बिअर उत्तम होते. डब्लिन आणि म्यूनिक येथील पाण्यात चुन्याचे कार्बोनेट अधिक. कार्बोनेटामुळे माल्टच्या मिश्रणाची आम्लता कमी होते आणि विकरांचे काम नीट चालत नाही. पण माल्ट खरपूस भाजला की तो स्वतःच आम्ल असतो. तो घातला की तोल सावरतो. म्हणून या दोन्ही शहरांत काळसर बिअर रूढ झाली. त्या काळच्या कारागिरांना यातले रसायन ठाऊक नव्हते. आपल्या गावच्या पाण्यात काय साधते आणि काय बिघडते, एवढेच ते पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते.

बोहेमियातील पिल्सेन गावचे पाणी मात्र अतिशय मृदू. असे असूनही तेथील बिअर एके काळी इतकी वाईट होत असे, की १८३८ मध्ये छत्तीस पिंपे नगरभवनापुढे सर्वांदेखत ओतून देण्यात आली. मग नागरिकांनी एकत्र येऊन नवा कारखाना उभारला, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि त्याने ऑक्टोबर १८४२ मध्ये तेथील मृदू पाणी, फिकट माल्ट आणि झाटेत्सचे सुवासिक हॉप यांपासून सोनेरी, पारदर्शक बिअर काढली. आज जगात जी बिअर सर्वांत जास्त खपते ती या पिल्सेनच्या बिअरचीच कमीअधिक पातळ झालेली वंशज आहे.

दुसरे कारण किण्व. गृहिणी कालच्या दह्यातील चमचाभर विरजण राखून ठेवते, तसेच कारागीर मागल्या खेपेचे किण्व पुढल्या खेपेला वापरीत. किण्वाच्या मुख्य जाती दोन. एक उबेत काम करते आणि फेसाबरोबर वर येते. इंग्लंडची एल आणि बव्हेरियाची गव्हाची बिअर ही तिची. गव्हाच्या त्या बिअरला लवंगेचा आणि केळ्याचा वास येतो, आणि तो किण्वाने दिलेला असतो. तीत लवंगही नसते आणि केळेही नसते. दुसरी जात थंडीत, सावकाश काम करते आणि तळाशी बसते. ही बिअर थंड तळघरांत आठवडेच्या आठवडे साठवून ठेवीत. म्हणून तिचे नाव लागर, म्हणजे साठवणीची. ही दुसरी जात मूळची शुद्ध नव्हे, ती दोन जातींचा संकर आहे. तिच्या आईबापांपैकी एकाचा पत्ता लागत नव्हता. शेवटी २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पॅटागोनियाच्या जंगलांत ते किण्व सापडल्याचे जाहीर झाले. पुढे तिबेटातही त्याचे भाऊबंद आढळले.

किण्वाचा अभ्यास हे विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आहे. पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला आणि बिअर नासते ती इतर सूक्ष्म जीवांमुळे, हे दाखविले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविले. आणि त्या कारखान्याने हा शोध स्वतःपुरता न ठेवता इतरांना मोकळेपणाने दिला. त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सेन याने १९०९ मध्ये आम्लता मोजण्याची पीएच ही मोजपट्टी बसविली. आपल्या शाळेतील मुले आज जी लिटमसच्या पुढची परीक्षा करतात, ती बिअरच्या कारखान्यातून आली आहे.

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास मात्र कोणी विरजण लावीतच नाही. गोड काढा रात्री उघड्या, उथळ ताटासारख्या हौदात निवत ठेवतात. हवेतले आणि वास्तूतले सूक्ष्म जीव त्यात उतरतात, आणि मग तो लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे मुरतो. आंबोळीचे पीठ रात्रभर ठेवले की आपोआप फुगते, त्याचाच हा प्रकार. या आंबट बिअरला लांबिक म्हणतात. ती थंडीच्या महिन्यांतच करतात, कारण उन्हाळ्यात नको ते जीव फार येतात. त्याच देशात त्रापिस्त पंथाचे साधू मठात बिअर करून मठाचा खर्च भागवितात आणि उरलेला पैसा दानधर्माला लावतात. युनेस्कोने २०१६ मध्ये बेल्जियमच्या बिअर संस्कृतीची नोंद मानवजातीच्या वारशात केली.

तिसरे कारण कायदा. आणि माझ्या मते याच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. बव्हेरियाच्या ड्यूकांनी १५१६ मध्ये फर्मान काढले की, बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. आज याला शुद्धतेचा कायदा म्हणून गौरवितात. वस्तुतः त्याच फर्मानात बिअरचा भावही बांधून दिलेला होता. पुढे गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क प्रथम एका सरदार घराण्याकडे आणि १६०२ पासून राजघराण्याकडेच राहिला, आणि त्यावर खजिना भरला. म्हणजे प्रजेला जे निषिद्ध ते राजाला उत्पन्नाचे साधन! १५५३ मध्ये आणखी हुकूम झाला की, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करू नये. हेतू एवढाच की उन्हाळ्यातील नासका माल विकला जाऊ नये. पण परिणाम असा झाला की सगळे काम थंडीत होऊ लागले आणि थंडीत काम करणारे किण्व तेथे पक्के रुजले. लागरच्या प्रसारात या एका हुकुमाचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या मुंबईचाही या कथेत थोडा संबंध येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनचा कारखाना कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील गोऱ्या साहेबांना फिकट, कडवट बिअर पाठवीत असे. आफ्रिकेला वळसा घालून येण्यास महिनेच्या महिने लागत. भरपूर हॉप घातलेली बिअर तो प्रवास सोसत असे. १८२० नंतरच्या दशकात बर्टनचे कारखानदार या व्यापारात शिरले, आणि त्यांच्या पाण्याने हॉजसनवर मात केली. तिलाच पुढे इंडिया पेल एल हे नाव पडले. ती मुद्दाम हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही समजूत मात्र खरी नाही. अशी बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती. शिवाय येथील साध्या गोऱ्या शिपायाचे पेय काळी पोर्टर होते. फिकट बिअर अधिकाऱ्यांची.

या पोर्टरनेच बिअरला कारखान्याचे रूप दिले. लंडनमधील कारखानदारांत मोठ्यात मोठे पिंप कोणाचे, याची चढाओढ लागली. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी सेंट जाइल्स भागातील एका कारखान्याचे प्रचंड पिंप फुटले, भिंत कोसळली आणि बिअरचा लोंढा शेजारच्या गरिबांच्या वस्तीत घुसला. आठ माणसे मेली. सगळ्या बायका आणि मुले. पंचांनी हा दुर्दैवी अपघात ठरविला. वाहून गेलेल्या मालावरील कर कारखान्याला परत मिळाला. मेलेल्यांच्या आप्तांना कारखान्याकडून भरपाई मिळाली नाही.

बिअर म्हटले की युरोप, अशी आपली समजूत असते. तीही दुरुस्त केली पाहिजे. सुमेरच्या लोकांची निन्कासी ही बिअरची देवता चार हजार वर्षांपूर्वीची. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडे आपल्याच नाचणीपासून जाँड करतात आणि ती बांबूच्या नळकांड्यातून नळीने पितात. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून दाट, आंबट, पेजेसारखी बिअर करतात. ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. आपण तिची भाकरी केली, त्यांनी भाकरीच्या बरोबरीने बिअरही केली. आणि या बहुतेक सर्व ठिकाणी हे काम स्त्रियांचे होते. निन्कासी देवी आहे हा योगायोग नव्हे. आपल्या कौटिल्यानेही सुरेचे किण्व जमविण्याचे काम स्त्रिया आणि मुले यांच्याकडेच सोपविले आहे.

मग ते त्यांच्या हातून गेले कसे? दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १९०८ मध्ये कायदा करून ज्वारीची बिअर करण्याचा आणि विकण्याचा मक्ता नगरपालिकांना घेऊ दिला. डर्बन शहराने बिअरची सरकारी दालने उघडली आणि त्यांच्या उत्पन्नातून काळ्या रहिवाशांवरील कारभाराचा खर्च भागविला. घरी बिअर करून मुलांचे पोट भरणारी बाई एका रात्रीत गुन्हेगार ठरली. पोलीस झोपड्यांत शिरून रांजण फोडीत. जून १९५९ मध्ये कॅटो मॅनर वस्तीतील स्त्रिया काठ्या घेऊन त्या दालनांवर चालून गेल्या. नवऱ्याची मजुरी सरकारच्या गल्ल्यात जाते आणि आमचा धंदा मात्र बेकायदा, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मोहाच्या दारूबाबत आदिवासींचे जे झाले, ते आठवले म्हणजे हा सवाल परका वाटत नाही.

म्हणून, मंडळी, आरंभी ज्या स्नेह्यांचा उल्लेख केला त्यांना मी असे उत्तर देईन. दारूबंदी असावी की नसावी, यावर आपले मत काहीही असो; माझेही या पेयाविषयी फारसे अनुकूल नाही. पण सरकार दारूवर बंधन घालते तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासून पाहिल्या पाहिजेत. पिणाऱ्याचे आणि त्याच्या घराचे रक्षण व्हावे म्हणून ते बंधन आहे, की गरिबाच्या चुलीवरचा धंदा उचलून तो मक्तेदाराच्या पदरात टाकण्यासाठी आहे? फर्मानाची भाषा दोन्हीकडे एकच असते. बव्हेरियाच्या फर्मानात शुद्धतेची होती, डर्बनच्या कायद्यात सुव्यवस्थेची होती. शेवटी पैसा कोणाच्या गल्ल्यात गेला, हे पाहिल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही. नागरिक म्हणून तेवढे पाहण्याची सवय आपल्याला लागली, तर आजची संध्याकाळ वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.