रस्त्याची रेघ आणि आपली हरकत

चाकणच्या कारखान्यांत मोटारी तयार होतात. पण त्या तयार करणारा कामगार शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकून पडतो. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमधून पायी चालणाऱ्यांना वाट काढावी लागते. या त्रासाला कंटाळून चाकणकरांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आकुर्डीच्या पीएमआरडीए कार्यालयावर मोर्चा नेला.

मोर्चा निघतो तो त्रास असह्य झाल्यावर. रस्ता कुठून जाणार, किती रुंद होणार, हे मात्र कितीतरी आधी नकाशावर ठरलेले असते. थेरगाव, रहाटणी, काळेवाडी भागातील कुटुंबांनी हे अनुभवले आहे. १९९५ च्या विकास आराखड्यातील रिंग रोड २०१७ मध्ये प्रत्यक्षात आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा लोक घरे वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले. चिखली-कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये भंगाराची गोदामे आणि वर्कशॉप पाडली गेली, तेव्हाही आराखड्यातील रस्ते हे एक कारण सांगण्यात आले. तिथे आपल्या समाजातील अनेकांची रोजीरोटी होती.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा नवा प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये आला. त्यासाठी ६० दिवसांची मुदत होती आणि हरकती हजारोंनी आल्या. चाकण परिसर ज्यात येतो, तो पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला होता. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. म्हणजे या भागाचे नियोजन नव्याने व्हायचे आहे.

आजवर हरकत घेतली ती बहुतेक ज्याची जमीन जाते त्याने. ते रास्तच आहे. पण भाड्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार, रिक्षाचालक, दवाखान्यात जाणारी वृद्ध आई, संध्याकाळच्या क्लासहून परतणारी मुलगी यांचे काय? त्यांच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून आपला काय संबंध, असे त्यांना वाटते. कायद्यात तशी अट नाही. हरकत किंवा सूचना कोणीही लेखी देऊ शकतो.

अडचणी खऱ्या आहेत. नकाशे सामान्य माणसाला उमगत नाहीत. सुनावणी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत असते. एक दिवस गेला की मजुरी बुडते. म्हणून सुनावणी सुट्टीच्या दिवशीही घ्यावी, नकाशे वस्तीत आणून सोप्या मराठीत समजावून सांगावेत, अशी मागणी आपणच करायला हवी.

कुरआनात ‘अश-शूरा’ नावाची सूरह आहे. आपसातील कामे सल्लामसलतीने करणे हे ईमानवंतांचे लक्षण म्हणून तिथे सांगितले आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहान मुलांनाही देतो. नकाशावरचा धोका वेळीच दाखवून देणे हेही त्याच शिकवणीत बसते, असे आम्हाला वाटते. त्याचा लाभ शेजारच्या प्रत्येक घराला होतो, मग ते कोणत्याही धर्माचे असो.

आमची विनंती एवढीच. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील चार शिकलेल्या तरुणांनी बसून आराखड्याच्या सूचनांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी घ्यावी. महिलांची वेगळी बैठक घ्यावी आणि बसथांबा कुठे हवा, दिवे कुठे नाहीत, रस्ता ओलांडताना भीती कुठे वाटते, हे त्यांच्याकडूनच ऐकावे. अर्जात गट किंवा सर्वे क्रमांक, रस्त्याचे नाव आणि नेमकी मागणी लिहावी. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने अर्ज द्यावा, सुनावणीची मागणी करावी आणि शिक्क्याची पोच घेऊन ती जपून ठेवावी.

मुदत संपल्यावर केलेली तक्रार फार तर ऐकून घेतली जाते. मुदतीत दिलेल्या अर्जाची नोंद करावीच लागते.