हौशी रेडिओचे जाळे : केंद्रांची प्रकृती सर्वांस कळावी

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारमधील दळणवळण तोडले. त्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या पथकाने बिनतारी यंत्राद्वारे मुख्य भूमीशी संपर्क राखला. अशा प्रसंगी लेखी संदेशांसाठी ‘पॅकेट रेडिओ’ उपयुक्त ठरतो. यात मजकुराची लहान लहान पुडकी केली जातात आणि उंचावरील स्वयंचलित केंद्रे ती पुढे धाडतात.

परंतु डोंगरमाथ्यावरील केंद्राजवळ राखणदार नसतो. सौरपट्टीवर धूळ साचून बॅटरी उतरली, तर ते कळते ऐन संकटातच. यावरील उपाय म्हणजे दूरमापन होय. केंद्र ठरावीक वेळाने आपल्या बॅटरीचा विद्युतदाब, तापमान व हाताळलेल्या पुडक्यांची संख्या आपोआप प्रक्षेपित करते. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असता विश्रांत स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. सूर्योदयापूर्वीचा आकडा दिवसागणिक घसरू लागला, की तपासणीची वेळ आली असे समजावे.

ही माहिती केंद्रचालकापुरती न राहता जाळ्यातील सर्वांस उपलब्ध असावी. चालक परगावी असला, तरी दुसरा परवानाधारक त्यास वेळीच सावध करू शकतो. संकटात उपयोगी पडणाऱ्या यंत्रणेची विचारपूस संकटापूर्वीच झाली पाहिजे.